चाळीस सेकंदांची आठवण

संघरत्ना शहापूरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवायची आणि तास संपले की मागच्या खोलीत पीएचडीचं मोजमाप करायची. खोलीत टेबलावर एक काळी पेटी होती. पेटीत चिप, चिपवर सेमीकंडक्टरच्या तारा, केसाच्या हजाराव्या भागाएवढ्या बारीक. त्यांच्यावर प्रकाशाचे ठोके एकामागून एक पडले की तार ते साठवत जायची, पुरेसे जमले की तिच्यातला करंट एकदम वाढायचा आणि मग ती हळूहळू विसरायची. मेंदूतली पेशी असंच काहीसं करते. अशा तारा जोडून प्रकाशावर चालणारं, मेंदूसारखं शिकणारं यंत्र बांधता येईल, असं तिच्या गाइड अक्षदा मॅडमचं म्हणणं होतं. तारा मुंबईच्या लॅबमध्ये तिचा सहकारी विपुल बनवायचा, मोजायची संघरत्ना. पाच वर्षं झाली होती.

तार दहा मिनिटं आठवण धरते, असा त्यांचा पेपर मंजूर झाला होता, किरकोळ दुरुस्त्या तेवढ्या राहिल्या होत्या. त्याच पेपरवर विपुलची जर्मनीतली संशोधनाची जागा अवलंबून होती.

फेब्रुवारीत एका मंगळवारी दुपारी लाइट गेली. मीटर आणि लॅपटॉप बॅटरीवर असल्यामुळे मोजणी चालूच राहिली. संघरत्ना डबा खात होती. स्क्रीनवरची करंटची रेघ घसरली आणि मिनिट व्हायच्या आत तळाला टेकली. लाइट आल्यावर तिने पुन्हा मोजलं. दहा मिनिटं.

पेटीत थेट भिंतीतल्या विजेवर चालणारी एकच वस्तू होती, तापमान सांभाळणारा कंट्रोलर. दोन वर्षांपूर्वी तिनेच तो आत बसवला होता. त्याच्यावर मोहरीएवढा हिरवा दिवा होता. तिने दिव्यावर काळी टेप चिकटवली. चाळीस सेकंद. टेप काढली, दहा मिनिटं. शुक्रवारपर्यंत ती हेच करत राहिली. तार दहा मिनिटं आठवण धरतच नव्हती; तो दिवा तिला सारखा थोडा थोडा प्रकाश पाजत होता.

तिने विपुलला फोन केला. सगळं ऐकून तो म्हणाला, "टेप काढून टाक. पेपर छापून येऊ दे."

"विपुल, आकडे खोटे आहेत."

"खोटे नाहीत. तू जे मोजलंस तेच लिहिलंय. पाच वर्षं घातलीत आपण यात. माझी जागा जाईल, कळतंय का तुला?"

तिला कळत होतं. तिची स्वतःची पीएचडी वर्षभर पुढे जाणार होती, तेही कळत होतं. तिने मॅडमना फोन लावला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

"दिवा कोणी लावला होता?"

"मीच, मॅडम."

"बरं. पेपर मागे घ्यायचं पत्र लिही. मी सही करते." आणि मग, आवाज खाली आणून, "मीही दमलेय गं."

संध्याकाळी किन्हवलीवरून जाणाऱ्या एसटीत ती खिडकीला डोकं टेकवून बसली. सरळगाव कधी गेलं तिला समजलं नाही. मुरबाडला घरी पोचली तेव्हा तिचे वडील अनंता ओट्यावर बसले होते. तीस वर्षं एमआयडीसीत मशिनवर काढलेला माणूस. तिचा चेहरा बघून त्यांनी विचारलं आणि तिने उंबऱ्यावरच बसून सगळं सांगितलं.

"मंग आता काय नाय उरला?" त्यांनी विचारलं.

"चाळीस सेकंद उरले."

"ते तरी खरे ना?"

"हो."

"मंग झोप जा. जेवायला उठवतो."

ती जेवायला उठलीच नाही.

पत्र सोमवारी गेलं. जर्मनीहून विपुलला नकार आला. त्याने तिला कळवलं नाही, मॅडमकडून समजलं. तिने त्याला दोनदा फोन केला, त्याने उचलला नाही. खरे आकडे घेऊन तिने नवा पेपर लिहायला घेतला, छोटा, कुणी फारसं वाचणार नाही असा. वर्गात शिकवताना मधेच वाक्य विसरायची, मुलं वाट बघत बसायची.

एप्रिलमध्ये कॉलेजच्या पत्त्यावर कुरिअरने डबी आली. आत बारा नव्या चिपा आणि विपुलच्या अक्षरात चिठ्ठी: 'वरचा थर बदललाय. आठवण वाढते का बघ. जर्मनीबद्दल विचारू नकोस.'

संघरत्नाने त्याला 'मिळाल्या' एवढंच कळवलं. चिमट्याने पहिली चिप उचलून पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि मोजणी सुरू केली. रेघ वर चढेपर्यंत टेबलावर डोकं ठेवावं म्हणून ती वाकली आणि तशीच झोपून गेली.