काचेची तार

डॉक्टरांनी बारामतीहून घरी पाठवलं, तेव्हाच मुबीन मिस्त्रीचं काय ते आम्ही शेजारी समजलो. त्याला एकच आस उरली होती. शारजाला असलेली त्याची एकुलती लेक आसिया रोज सांजेला व्हिडिओवर दिसायची. माळेगावात आमच्या गल्लीत मोबाइलची रेंज बेभरवशाची, घरात तर नाहीच. सगळी भिस्त बाहेरच्या खोलीतल्या इंटरनेटच्या डब्यावर.

त्या सांजेला मुबीनला धाप लागली. आतल्या खोलीत आसियाचा चेहरा सारखा अडकत होता. मेव्हणा रसूल जीव लावणारा, पण मुलखाचा उतावळा. शेगडी जवळ ओढली की ऊब वाढते, एवढंच त्याचं शास्त्र. त्यानं डबा उचलून मुबीनच्या उशाशी आणला. तार पुरेना, तशी दाराच्या कोपऱ्यावरून करकचून ओढली. डब्यावर लाल दिवा लागला आणि आसिया गेली. करायला गेला गणपती, झाला मारुती.

रसूलनं प्लग काढून घातला, बटणं दाबली, फुंकरसुद्धा मारली. मी रस्त्यावर जाऊन तारवाल्या इंद्रजितला कसंबसं कळवलं. शारजाचा फोन काही लागला नाही. मुबीन बंद पडद्याकडे बघत राहिला. मला ते बघवेना. पहाटे तो गेला.

सकाळी इंद्रजित आला. रसूलनं विचारलं, "डबा जळला का रं?"

"डबा चांगला हाय, मामू. त्यात नेट तयार हुत न्हाय. ह्या तारंत काच असती, तिच्यातनं उजेड येतो. डबा तो घरात वाटतो निस्ता. तार मुडपली, काच तुटली."

"जवळ आणायला नगं हुता?"

"जवळ आणला ते बराबर हुतं. लांब तार लावून घ्यायची हुती."



तार जोडली, हिरवा दिवा लागला आणि लगेच फोन वाजला. मुबीनच्या बायकोनं, शहाजादीनं, लेकीला बातमी सांगितली. आसिया बराच वेळ रडली. मग म्हणाली, "अम्मी, काल फोन का लागंना?"

शहाजादीनं भावाकडं पाहिलं. रसूलचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"उसाच्या ट्रॉलीनं तार तोडली, बाळा. अब्बांना झोप लागली हुती." कारखान्याच्या हंगामात कुणालाही खरं वाटेल असंच ते होतं.

"मामू हुते ना जवळ?"

"हुते."

"मग बरं. त्यांच्याकडं दे फोन."

शहाजादीनं फोन पुढं केला. रसूलनं हात काही पुढं केला नाही.