आडवी माणसं

"रबर इकडे द्या."

चित्रकलेच्या बाईंनी हात पुढे केला, आणि बावन्न वर्षांच्या त्या गृहस्थाने शाळकरी पोरासारखं मुकाट्याने रबर त्यांच्या तळव्यावर ठेवलं. खोडून खोडून कागदाला भोक पडलं होतं. जिथे नाक असायला हवं तिथून खालचं टेबल दिसत होतं. शेजारच्या दोन मुलींनी एकमेकींना कोपराने ढोसलं आणि वहीत तोंड लपवून हसल्या.

"तुमचा सगळा वेळ खोडण्यात जातो. काढता कधी?" बाई म्हणाल्या.

"जमतच नाही हो बाई. नाक काढायला जावं तर बटाटा होतो."

"मग बटाटा राहू द्या. पुढचं नाक त्याच्या शेजारी काढा. चुकलेलं डोळ्यांसमोर असलं की हात शिकतो. पुसून टाकलं की फक्त राग राहतो."

बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा आपल्या घराच्या पुढच्या खोलीत मुलांचा वर्ग घेत. बुटक्या खुर्च्या, बुटकी टेबलं. गुडघे हनुवटीला लागतील असा हा एकच मोठा विद्यार्थी कोपऱ्यात बसायचा. नातवंडांसाठी शिकतोय, असं त्याने पहिल्या दिवशी सांगून टाकलं होतं. नातवंडं सोडा, त्याला मूलच नव्हतं.

तो मोठ्या सरकारी हॉस्पिटलच्या शवागारात कामाला होता. सत्तावीस वर्षं. डॉक्टरांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्याला मामा म्हणत, पण त्याच्या शेजारी बसून डबा कोणी खात नसे. मामाही वाईट वाटून घेत नसे. माणसांनी चार हात लांब राहावं असंच त्याचं काम होतं, आणि हे त्याने फार पूर्वी मान्य करून टाकलं होतं.

शवागाराच्या दाराशी एक लाकडी फळा होता. बेवारस प्रेतांचे फोटो हवालदार त्यावर टाचणीने लावून जायचा. फ्लॅश मारून घाईघाईत काढलेले, पांढरेफटक, सुजलेले चेहरे. ज्यांचं कोणी हरवलंय ते यायचे, नाकाला रुमाल लावून एक नजर टाकायचे आणि "ह्यात नाही" म्हणत सुटल्यासारखे निघून जायचे. पंधरा दिवसांत कोणीच विचारलं नाही तर पालिकेची गाडी यायची आणि नंबर टाकून पुरून मोकळी व्हायची.

दीड वर्षापूर्वी एक बाई तीन वेळा आली होती. तिन्ही वेळा नवऱ्याच्या फोटोसमोर उभी राहिली आणि तिन्ही वेळा "हे नाहीत" म्हणाली. गाडी जाऊन पाच दिवस झाल्यावर ओळखीसाठी मागे ठेवलेल्या कपड्यांच्या गाठोड्यातला स्वेटर तिने ओळखला. तिनेच विणलेला होता. ती रडलीबिडली नाही. मामाला एवढंच विचारलं, "म्हणजे मी इथे उभी होते तेव्हा ते आत होते?"

मामा "हो" म्हणाला. दुसरं काय म्हणणार? पण त्या दिवसापासून जेवताखाता तोच प्रश्न त्याला आठवू लागला. फोटोत माणूस मेलेला दिसतो. घरच्यांनी त्याला मेलेला कधी पाहिलेलाच नसतो, मग ओळखणार कसा? जिवंतपणी दिसायचा तसा काढून लावला तर? एवढा साधा विचार. साधे विचारच माणसाला फार छळतात, कारण ते कोणाला सांगायलाही लाज वाटते.

वर्गाला जाऊ लागून आठ महिने झाले. चेहऱ्याचं अंडं काढून झालं, त्याचे भाग पाडून झाले, डोळे कुठे आणि कान कुठे ते पाठ झालं. जेवणाच्या सुट्टीत हातमोजे काढून मामा प्रेत ठेवलेला एखादा ड्रॉवर ओढायचा आणि समोर स्टूल टाकून बसायचा. एकदा धीर करून त्याने चार चित्रं हवालदाराला दाखवली.

"ओळख बघू, कोण कोण आहेत."

हवालदाराने फळ्याकडे बघितलं, चित्रांकडे बघितलं. "मामा, हे सख्खे भाऊ आहेत का चौघं? ह्यातली एक बाई आहे ना पण?"

मामाने चारही कागद फाडून कचऱ्यात टाकले. दोन आठवडे वर्गाला गेला नाही. आपला हातच मेला आहे, असं त्याच्या मनाने घेतलं. सत्तावीस वर्षं बर्फात घातलेल्या हाताकडून आणखी काय होणार? पण तेवढ्यात तीन नंबरच्या ड्रॉवरमध्ये एक म्हातारा आला. पासष्टीचा असेल. बस थांब्यावर बसल्या जागी गेला होता. खिशात ना कागद ना फोन. मामाने त्याची तीन चित्रं काढली, आणि तिन्ही नेऊन, मुलं घरी गेल्यावर, बाईंच्या पुढ्यात ठेवली.

"माझं कुठे चुकतंय ते सांगा. आज स्पष्ट सांगा. येत नसेल तर सोडून देतो."

बाईंनी तिन्ही कागद लांब धरून बघितले. रेघ कशी वळवायची ते दाखवायला त्यांनी नेहमीप्रमाणे मामाचं मनगट धरलं, आणि मध्येच थांबल्या.

"हा माणूस तुम्ही खुर्चीवर बसवलाय, बरोबर? पण त्याचे गाल बघा. कानांकडे ओघळलेत. बसलेल्या माणसाचे गाल खाली येतात, हनुवटीकडे. केसही मागे पडलेत. डोळे उघडे काढलेत खरे, पण ते मिटलेल्या पापणीवर वरून काढलेले दिसतात. तुमच्या पहिल्या चित्रांतही हेच होतं, मला तेव्हा सांगता आलं नाही. तुमची सगळी माणसं पाठीवर आडवी पडलेली आहेत." त्यांनी मामाकडे बघितलं. "तुम्ही कामाला कुठे आहात?"

मामाने सांगितलं. फळ्याचं, स्वेटरचं, सगळंच सांगितलं.

बाईंनी मनगट सोडलं आणि आपला हात स्वतःच्या मांडीवर नेऊन ठेवला, अलगद, त्याला कळू नये अशा बेताने. मामाला कळलं. असं सोडलेलं त्याला नेहमीच कळायचं.

"मुलांना कळू देऊ नका," त्या शेवटी म्हणाल्या. "त्यांच्या आया पाठवायच्या नाहीत."

"येत नाही मी उद्यापासून."

"असं म्हटलं का मी? यायचं." त्यांचा आवाज चिडका झाला होता, बहुधा स्वतःवरच. "प्रेतं पुष्कळ बघितलीत, आता जिवंत माणूस बघा. एकच बघा, पण निजलेला आणि बसलेला, दोन्ही. काय काय हलतं ते काढा. मला जे शिकवता येण्यासारखं होतं ते संपलं. ह्यापुढचं मला माहीत नाही, तुम्हालाच माहीत आहे."

पुढेही त्या शिकवत राहिल्या. पण मनगट पुन्हा कधी धरलं नाही. आपल्या कागदावर काढून दाखवायच्या.

रविवारी दुपारी मामा बायकोला म्हणाला, "जरा आडवी हो."

"आत्ता? भरदुपारी?" बायको हसली. असं हसताना तिला त्याने कैक वर्षांत पाहिलं नव्हतं. मग तो वही घेऊन पलंगाशी स्टूल ओढून बसला, तेव्हा ते हसू जरा खाली आलं. "आणि डोळे मीट," तो म्हणाला. तिने मिटले. थोडा वेळ नुसती पेन्सिलीची खरखर.

"अहो," ती डोळे न उघडता म्हणाली, "मला तुमच्या ड्रॉवरमध्ये घालून बघताय का?"

मामाला थाप मारता आली नाही. ती उठून बसली.

"सत्तावीस वर्षं तुमचे कपडे वेगळे भिजवतेय मी. मागच्या नळावर अंघोळ झाल्याशिवाय तुम्हाला घरात घेतलं नाही. का? ते सगळं दाराबाहेर राहावं म्हणून. आणि आज तुम्हीच ते माझ्या गादीवर आणून ठेवताय?"

"मग कोणाकडे जाऊ? मला दुसरं कोण आहे, आडवा हो म्हणून सांगायला?"

तिने उशीची खोळ उगाच नीट केली.

"किती वेळ लागतो?"

"अर्धा तास."

ती पुन्हा आडवी झाली. डोळे मिटले, पण मुठी आवळलेल्या होत्या. मामा बघू लागला. हळूहळू तिचे गाल मागे सरकले, ओठांच्या बाजूच्या घड्या पुसल्या गेल्या, कपाळ गुळगुळीत झालं. ती दहा वर्षांनी लहान दिसायला लागली, आणि ड्रॉवरमधल्या सगळ्यांसारखी.

"ऊठ. ऊठ आता. झालं."

"अर्धा तास झाला?"

"ऊठ म्हणतो ना!"

ती उठून बसली आणि तिचा चेहरा पुन्हा खाली आला, पिशव्या, सुरकुत्या, वैताग, सगळ्यासकट. मामाने तो घाईघाईने काढला. तोंड किंचित उघडं, कारण तिला अजून पुष्कळ बोलायचं होतं. कागद हातात घेऊन तिने बराच वेळ बघितला.

"एवढी म्हातारी झाले मी?"

"बसल्यावर," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत त्याने तीन नंबर पुन्हा ओढला. पंधरातले सहा दिवस संपले होते. ह्या वेळी पेन्सिल खिशातच ठेवून त्याने नुसतं बघितलं. नाकाच्या दोन्ही बाजूंना चष्म्याचे खोल खड्डे होते. चष्मा मात्र सामानात नव्हता, पडताना कुठेतरी गेला असणार. डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या बोटाने ताणल्या तर आतली कातडी गोरी होती. म्हणजे उन्हात डोळे बारीक करून बघणारा माणूस. मग मामाने कागद घेतला आणि डोळे बारीक काढले. गाल कानांकडून उचलून हनुवटीकडे आणले. अडलं ते तोंडापाशी. मेल्यावर जबडा सैल पडतो, तोंडाचं खरं काय ते कळत नाही. अकरा कागद वाया गेले. बाराव्यावर त्याने म्हाताऱ्याला बायकोचं तोंड दिलं, काहीतरी बोलायला निघाल्यासारखं, आणि दहाव्या दिवशी तो कागद फळ्यावर फोटोशेजारी लावला.

हवालदार चित्रासमोर थांबला. "हा कोण?"

"तीन नंबर."

हवालदार आत गेला, ड्रॉवर ओढल्याचा आवाज आला, आणि तो परत आला. ह्या वेळी त्याने थट्टा केली नाही. "साहेबांना विचारलंस का लावायच्या आधी? नाही ना? मग मी काही बघितलं नाही," एवढं म्हणून तो गेला.

अकरा, बारा, तेरा. लोक आले, गेले. मामाचा जीव टांगणीला लागला होता. गाडी कधी पाठवायची, असा पालिकेचा फोनही येऊन गेला.

चौदाव्या दिवशी दुपारी पस्तिशीचा एक माणूस हेल्मेट काखेत मारून आला. फळ्यावरून नजर फिरवत पुढे गेला, थांबला आणि दोन पावलं मागे आला.

"काका, मी गेल्या आठवड्यात येऊन गेलो. तेव्हा हे होतं?"

"नव्हतं. हा फोटो होता." मामाने शेजारी बोट दाखवलं.

त्याने फोटो बघितला. "हा तर मी बघितला होता."

"कोणी ओळखत नाही फोटोत."

"चष्मा काढला की असेच बघायचे," तो चित्राकडे बघत म्हणाला. "डोळे बारीक करून. समोरच्याने काहीतरी चोरलंय असं."

मामाने त्याला आत नेलं, तीन नंबर ओढला. त्याने होकारार्थी मान हलवली. हात लावला नाही. बाहेर टेबलावर हवालदाराने फॉर्म भरला आणि पेन त्याच्या हातात दिलं. पेन घेऊन तो पुन्हा फळ्यापाशी जाऊन उभा राहिला.

"तोंड चुकलंय, काका."

"ते अंदाजाने काढलं मी. कळत नाही मागाहून."

"असं बोलायला निघाल्यासारखं नसायचं. माझ्याशी तरी नाही. चार वर्षं एका घरात होतो आम्ही. एक शब्द नाही. घरातून गेले तेही सांगून नाही गेले."

हवालदार खिडकीबाहेर बघू लागला.

"मिटू का?" मामाने विचारलं.

"मिटा."

मामाच्या अगदी जिवावर आलं. आयुष्यात एवढं एकच चित्र त्याला जमलं होतं, आणि त्यातलं हेच तोंड त्याला सगळ्यांत आवडलं होतं. पण ड्रॉवरमधल्या माणसाला बसलेलं, चालताना, रागावलेलं पाहिलेलं आणि तो कसा दिसायचा ते सांगणारं आजवर त्याला कोणी भेटलं नव्हतं. त्याने कागद काढून टेबलावर ठेवला, ओठांमधली काळी फट बोटाने पुसट केली आणि एक रेघ ओढली.

"अजून घट्ट."

मामाने रेघ दाबली.

"खालचा ओठ आत. असा." मुलाने स्वतःचा ओठ आत ओढून दाखवला, आणि क्षणभर तीन नंबरचा माणूस मामासमोर जिवंत उभा राहिला. मामाने बघितलं, तसंच काढलं.

मुलगा कागदावर वाकला. आता त्या चेहऱ्याकडून काही ऐकायला मिळेल अशी आशा उरली नव्हती. तो किती तरी वेळ तसाच वाकून राहिला.

"हेच," तो म्हणाला. "हेच माझे बाबा. कुठे सही करायची?"

मामाने फॉर्मवर बोट ठेवून जागा दाखवली.