चाललंय ना आता?

रविवारी चार वाजता माझ्या लेकीचा सामना होता आणि पावणेचारला आमच्या इंटरनेटने पुन्हा अंग काढून घेतलं होतं.

सामना म्हणजे कॉम्प्युटरवरचा. संघात पाच जणी, पाच गावांतल्या, एकमेकींना समोरासमोर कधीच न भेटलेल्या. इथे राहायला आल्यापासून लेकीला मिळालेल्या मैत्रिणी त्या चारच. गेल्या तीन सामन्यांत ऐन मोक्याला हिचं नेट गेलं. पडद्यावरची हिची बाहुली भिंतीकडे तोंड करून उभी, आणि बाकीच्या मार खातायत. कप्तान मुलगी भली, पण शेवटी तिनेही सांगून टाकलं, "आज गेलीस तर दुसरी कोणी बघावी लागेल गं."

आठवडाभर आम्ही काय नाही केलं! राउटर कपाटावर चढवला, कपाटावरून उतरवला. वायफायचा भरवसा नको म्हणून ह्यांनी राउटरपासून लेकीच्या खोलीपर्यंत केबल ओढली. घर भाड्याचं, भिंतीला भोक पाडायची सोय नाही, म्हणून दाराखालून. "एक खिळा ठोकला नाही!" हे येईल त्याला दाखवायचे. नेटवाला दोनदा येऊन गेला. "डोक्यावर उभे राहू नका," म्हणून आम्हाला हुसकावलं, दार लावून बसला आणि बाहेर येऊन म्हणाला, "स्पीड झकास आहे. गेममध्येच खोट असेल."

तो गेला की नेटही जायचं. मी दर दहा मिनिटांनी दार उघडून विचारायची, "चाललंय ना आता?" की आतून किंकाळी, "गेलं!"

आजही पाण्याची बाटली घेऊन मी दार ढकललं.

"आई! तू आलीस की जातं!"

"हो का? म्हणजे माझाच पायगुण वाईट!" बाटली आपटून मी बाहेर आले, दार ओढून घेतलं.

"आलं," आतून आवाज.

एवढं ऐकून कोण गप्प बसेल? आणखी दोन शब्द सुनावायला मी दार उघडलं.

"गेलं! आई, प्लीज!"

"अगं, मी नुसती उभी आहे!"

दार ओढलं. "आलं."

माझा राग तिथल्या तिथे विरला. गुडघे टेकून मी दार बोटबोटभर उघडत गेले. दाराचा खालचा कोपरा खरखरत केबलवर चढला. तिथे केबल पार चपटी झाली होती. "गेलं," लेक रडवेली झाली. म्हणजे केबल टाकल्यापासून आम्हीच विचारपूस करून करून तिचं नेट चिरडत होतो!

"दार लाव. आणि कुणाला उघडू देऊ नकोस," लेक म्हणाली.

हे जिन्यात उभे राहून फोनवर नेट कंपनीशी भांडत होते. दाराची कडी कधीचीच निखळलेली. मी आत शिरले आणि दाराला पाठ लावून फरशीवर बसले.

चार वाजले. "डावीकडून ये गं! मी आहे!" लेक ओरडत होती, हसत होती. या घरात हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. मला वाटायचं, ही आत एकटी असते.

इतक्यात बाहेर चपला वाजल्या आणि दार माझ्या पाठीला लागलं.

"अगं, ते म्हणतात त्यांच्याकडे सगळं ठीक आहे. चाललंय ना आता?"

मी दोन्ही पाय पलंगाला रोवले. "अहो, चाललंय! ढकलू नका!"

"बघू तरी दे!"

"काही बघायचं नाही!"

"बाबा, जा!" लेक पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. मग कानातल्या मैत्रिणींना, "नाही गं, मी कुठे जात नाहीये."

सामना त्या हरल्या. पण शेवटपर्यंत पाचही जणी उभ्या होत्या. लेकीने कानावरचे हेडफोन उतरवले तेव्हा आतून कप्तानाचा बारीक आवाज आला, "बुधवारी येतेयस ना?"

माझे पाय लाकूड झाले होते. दारापलीकडून अगदी हळू विचारणा झाली, "आता?"