वीस मिनिटं सल्ला न देता

मास्तरांनी एकतीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवलं. शिकवायच्या गाडीत त्यांच्या पायाखालीही एक ब्रेक होता, आणि खरं सांगायचं तर शिकणाऱ्यापेक्षा तेच तो जास्त वापरत. समोरचा चुकायच्या आत हे दाबून मोकळे! घरीही तोच खाक्या. बायकोने कांदा चिरायला घेतला की सुरी कशी धरायची ते सांगणार. मुलीने चप्पल घातली की आधी कोणता पाय घालायचा तेही सांगणार. अशा माणसाने निवृत्त झाल्यावर समुपदेशनाच्या वर्गात नाव घातलं, तेव्हा बायको हसून हसून बेजार झाली.

"तुम्ही? आणि लोकांचं ऐकून घेणार?"

कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. मुलीची काही कागदपत्रं द्यायला मास्तर तिच्या बिल्डिंगमध्ये गेले, तर वॉचमन म्हणाला, "ताई आता कुठे राहतात इथे? तीन महिने झाले की. साहेब एकटेच असतात." पोटच्या पोरीचा संसार मोडतो आणि बापाला ते वॉचमनकडून कळतं! मास्तर फोनवर तिच्यावर नुसते बरसले. ती सगळं ऐकून म्हणाली, "बघा, म्हणूनच नव्हतं सांगितलं." आणि तिने फोन ठेवला. दोन दिवस मास्तरांनी घरात कुणाला काही शिकवलं नाही. तिसऱ्या दिवशी ते वर्गात जाऊन बसले.

पहिल्या महिन्यात मनोविश्लेषण झालं. सगळ्याचं मूळ लहानपणात असतं म्हणे. मास्तरांनी लगेच बायकोला सोफ्यावर आडवं केलं आणि तिचं लहानपण विचारलं. ती पाच मिनिटांत घोरायला लागली. मग आला वर्तनवाद: चांगलं वागणाऱ्याला शाबासकी द्यायची, वाईट वागण्याकडे काणाडोळा करायचा. मेव्हणा नेलेली शिडी परत करत नव्हता, म्हणून मास्तरांनी महिनाभर त्याच्याकडे काणाडोळा केला. मेव्हण्याला ते फारच सोयीचं पडलं, त्याने ड्रिल मशीनही नेलं.

त्यानंतर रिकाम्या खुर्चीचा प्रयोग झाला. समोर रिकामी खुर्ची ठेवायची, मनातलं माणूस तिच्यात बसलंय असं समजायचं आणि त्याच्याशी मोकळेपणाने बोलायचं. मास्तरांनी तिथे मुलीला बसवलं. दुसऱ्याच मिनिटाला ते खुर्चीवर खेकसले, "आधी नीट बस!" वर्गात हशा पिकला. शिकवणाऱ्या बाई, वयाने त्यांच्या मुलीएवढ्याच, हसल्या नाहीत. त्यांनी वहीत काहीतरी लिहून घेतलं.

शेवटची पद्धत सगळ्यांत सोपी दिसत होती आणि तिनेच मास्तरांचा जीव काढला. नुसतं ऐकायचं. समोरच्याला काय वाटतंय ते आपल्या शब्दांत त्याला परत सांगायचं, बस्स. परीक्षेला वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग द्यायचं होतं: माणूस खरा, अडचण खरी, सल्ला एकही नाही. पहिल्या खेपेला मास्तर तिसऱ्या मिनिटाला घसरले. दुसऱ्या खेपेला बाई म्हणाल्या, "काका, यात सहा सल्ले आहेत आणि एक शिवी." आता शेवटची संधी उरली होती, मुदत उद्यापर्यंत होती, आणि ओळखीतलं कुणी त्यांच्यासमोर बसायला तयार नव्हतं.

त्या दुपारी मुलगी दारात उभी राहिली. साडेचार महिन्यांनी.

"आई म्हणाली, तुम्हाला कुणी मिळत नाहीये. मी बसते."

"नातेवाईक चालत नाही गं."

"फॉर्म कुठंय?" तिने पेन घेतलं. 'समुपदेशकाशी नाते' या रकान्यात तिने जराही न थांबता 'नाही' लिहिलं. मास्तरांनी तो रकाना दोनदा वाचला. पण बोलायची सोय नव्हती. त्यांनी फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

ती बोलायला लागली. नवऱ्याने कधी हात उगारला नाही, बाहेर भानगड नाही, कसलं व्यसन नाही. "फक्त प्रत्येक गोष्टीत चूक काढायचा. टॉवेलची घडी अशी घाल. दार हळू लाव. फोनवर हे बोलायचं, ते नाही बोलायचं. मी तोंड उघडायच्या आत त्याचं उत्तर तयार. शेवटी शेवटी मी घरात बोलणंच सोडलं. आणि ती सवय मला लहानपणापासूनच होती, म्हणून चार वर्षं कळलंसुद्धा नाही."

मास्तरांचा उजवा पाय आपोआप फरशीवर दाबला गेला. सांगायला ढीगभर होतं. वकील गाठ. त्याच्या आईशी बोल. आणि मी तुझ्या भल्यासाठीच बोलायचो, हे तर अगदी ओठांवर आलं होतं. पण आता पाळी होती ती तिचंच म्हणणं तिला परत सांगायची, आणि त्यातून सुटका नव्हती. 

"म्हणजे तुला असं वाटतं," ते म्हणाले आणि अडखळले. "तुला वाटतं की, बापाच्या तावडीतून सुटले, आणि नवरा केला तर... तोही बापच निघाला."

तिने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं. 

"हो," ती म्हणाली. "तेच."

मग ती हमसून हमसून रडली. मास्तरांनी 'रडू नकोस' म्हटलं नाही. वीस मिनिटं केव्हाच होऊन गेली होती. उद्या काय द्यायचं, पास की नापास, यातलं काही त्यांच्या डोक्यात नव्हतं. त्यांनी फोन बंद केला.

तिने डोळे पुसले आणि सवयीने अंग चोरून घेतलं. "झालं ना आता? बोला, काय सल्ला द्यायचाय तो द्या."

"सल्ला द्यायला तोंड नाही गं मला," मास्तर म्हणाले.

 ती खुर्ची थोडी पुढे ओढून म्हणाली, "बरं, मग ऐका," आणि पहिल्यापासून सांगायला लागली.