सुन्नेवामावशींना निमंत्रण

“निमंत्रण? माझ्याच गावात यायला मला निमंत्रण?” सुन्नेवामावशींनी फोन रानवाच्या नाकासमोर धरला. “टाकलं पुसून!”

“मावशी, गावाच्या संकेतस्थळाची ती मेल सगळ्यांनाच जाते. दुव्यावर बोट ठेवायचं, आपलं नाव नि पासवर्ड टाकायचा. झालं लॉगिन.”

“हेर्गेरचं आहे की चालू.”

इथेच तर घोडं पेंड खात होतं.

हेर्गेर म्हणजे मावशींचे यजमान. गावाच्या संकेतस्थळावर रोज सकाळी दोन ओळी लिहायचे: बोट सुटणार का, डोंगरावरच्या मेंढ्या कधी हाकायच्या, कोणाकडे बाळ झालं. फेब्रुवारीत ते गेले. मावशी त्यांच्याच पासवर्डने लिहीत राहिल्या आणि प्रत्येक बातमीखाली नाव उमटत राहिलं हेर्गेरचं. शेवटी कोपनहेगनला असलेल्या त्यांच्या लेकीने रानवाला फोन केला. “बाबांना पुरून मी परत आले, आणि सकाळी उठून बघते तर बाबा लिहितायत, उद्या बोट नाही. मला नाही गं सोसवत.”

रानवा सॅमन माशांच्या शेतावर खाद्य घालायचं यंत्र सांभाळते. संकेतस्थळही तिनेच उभं केलं, गिटवर, म्हणजे कोणी काय लिहिलं ह्याची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीवर, आणि तेही फुकट. त्या फोननंतर तिने ज्याचं त्याचं वेगळं लॉगिन करायला घेतलं. आता आमच्याकडे दाराला कडी लावायची पद्धत नाही. कोणी दार वाजवलंच तर घरातले दचकतात, कोण गेलं म्हणून. त्याच वळणाने तिने नोंदणीही सताड उघडी ठेवली. आठवड्याभरात ढीगभर परके आत शिरले आणि मर्दानी ताकदीच्या गोळ्या विकायला लागले! मी बोटीचा तांडेल. धक्क्यावर जो तो मला विचारायचा, “काय येगवान, आता बोटीवर औषधंही मिळतात म्हणे?” रानवाने सगळ्यांची थट्टा हसून घेतली, एकेक परका हुडकून बाहेर काढला आणि निमंत्रणाशिवाय आत येणं बंद केलं. दुसऱ्या कोणी केव्हाच हात टेकले असते. मला त्या पोरीचं भारी कौतुक आहे, आणि ते मी लपवत नाही.

“खरं सांगा मावशी,” रानवा म्हणाली, “राग त्या निमंत्रणाचा नाही ना?”

मावशी उगाच मला कॉफी ओतायला उठल्या. माझा पेला भरलेलाच होता.

“तू त्याचं लॉगिन बंद करणार. म्हणजे नावही पुसलं जाणार. मग थडग्याच्या दगडावर कोरलंय तेवढंच उरेल.”

रानवाने वाद घातला नाही. लॅपटॉप उघडून जुन्या नोंदी मावशींपुढे सरकवल्या.

“ह्यात कोणाचं नाव पुसलं जात नाही. जी ओळ ज्याने लिहिली, तिच्यापुढे त्याचं नाव राहतं. लॉगिन बंद केलं की एवढंच होईल, त्यांच्या नावावर दुसरं कोणी लिहिणार नाही.”

“दुसरं कोणी म्हणजे मीच.”

“हो मावशी. तुम्हीच.”

इतकं स्पष्ट बोलायला माझी जीभ रेटली नसती. मावशी वाचत होत्या. ‘मेंढ्या शनिवारी. हेर्गेर.’ ‘बोट उशिरा. येगवान झोपलाय. हेर्गेर.’

“हे कधी लिहिलं त्यांनी?” मी ओरडलो.

“खोटं काय आहे त्यात?” मावशी म्हणाल्या, आणि हेर्गेर गेल्यापासून प्रथमच मी त्यांना हसताना पाहिलं. मग त्यांनी डोळे पुसले. “पाठव गं ते निमंत्रण परत.”

निमंत्रण आलं. दुव्यावर बोट ठेवताच नावाची चौकट उघडली. मावशींनी सवयीने ‘हेर्गेर’ लिहिलं आणि त्या थांबल्या. मी आणि रानवा खिडकीबाहेर बघू लागलो. मावशींनी मागून एकेक अक्षर खोडलं. चौकट रिकामी झाली, तरी बराच वेळ त्यांनी तशीच राहू दिली.

“येगवान,” त्या म्हणाल्या, “उद्या वारा कसा आहे रे?”

“वाईट आहे, मावशी. बोट नाही निघायची.”

दुसऱ्या सकाळी संकेतस्थळावर एकच ओळ होती.

‘आज बोट नाही. सुन्नेवा.’