पाच झाकण्या

या, असे इकडे सरकून बसा. टाळ खाली ठेवा, कीर्तनकार बुवांना यायला अजून वेळ आहे. तोवर एक गोष्ट सांगतो, पुराणातली नाही, माझ्याच हातून घडलेली. गोड नाही. पण सांगायचं वचन मी स्वतःला दिलं आहे आणि आज सप्ताहाचा दिवस आहे.

चौऱ्याऐंशी साल होतं. मी देवीदास, सौंसरच्या टेलिफोन एक्स्चेंजात ऑपरेटर. तेव्हाचा फोन आजच्यासारखा नव्हता. फोनच्या बाजूला दांडी असे. गावातल्या माणसानं दांडी फिरवली की इकडे माझ्या बोर्डावर त्या गावाच्या नावाची पितळी झाकणी टपकन् खाली पडे. मी दोरी खोचायची, म्हणायचं, "बोला रामाकोना," आणि ज्याच्याशी बोलायचं त्याच्या भोकात दुसरं टोक खोचायचं. गाव कोणतं ते बोलणाऱ्याला सांगावंच लागत नसे. झाकणी सांगे.

शिकलो मी पांढुर्ण्याला. तिथून पुढे जाणाऱ्या एकाच तारेवर तीन-तीन बोलणी एका वेळी चालत. कापसाचा भाव, कोणाच्या सोयरिकीची बोलणी, कोणाच्या मयताची खबर, सगळं एका तारेतून, आणि एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. माझे शिकवणारे म्हणत, "देवीदास, तार एक असली तरी भिंती पाहिजेत. न दिसणाऱ्या भिंती. त्या सांभाळायचा पगार आहे तुला." मी हो म्हणालो होतो.

आता माझा गुन्हा ऐका.

मला कीर्तनाचं वेड. मृदंगावर थाप पडली की माझं जेवण ताटात राहतं. सौंसरच्या मंदिरात सप्ताह बसला, पांढुर्ण्याचे नत्थूजी महाराज कीर्तनाला आले. गळा असा की उभं राहून ऐकावं. मला मात्र ड्यूटी. मंदिराला लागून देवकाबाईंचं घर, त्यांच्याकडे संत्र्याच्या धंद्यामुळे फोन. पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हटलं, "काकू, रिसीव्हर जरा खिडकीत धरता का, भोंग्याकडे तोंड करून?" त्यांनी धरला आणि मी बोर्डावर बसून कीर्तन ऐकलं. डोळ्यांतून पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी रामाकोन्याचे पोस्टमास्तर बापूजी फोनवर आले. म्हातारा माणूस, पाय सुजलेले. "देवीदास, काल तुह्या मागं मृदंग वाजून राहिला होता. मले बी ऐकव ना जी. मी काही आता मंदिरापर्यंत येत नाही." मी त्यांना जोडून दिलं. तिसऱ्या दिवशी मोहगाव मागू लागलं. मग लोधीखेडा, बोरगाव, पिपळा.

दोरीनं दोनच ठिकाणं जोडता येतात. पाच गावं कशी जोडणार? बोर्डाच्या मागे पट्टी असते, तिथे प्रत्येक गावाच्या तारा वेगवेगळ्या स्क्रूला बांधलेल्या. मी तांब्याची उघडी तार घेतली आणि पाचही गावं आणि देवकाबाईंचा फोन एकात एक पिळून टाकले. वाटलं, काल्याला आपण काय करतो? प्रत्येकाच्या घरची शिदोरी एका हंड्यात कालवतो. मग देवाचं नाव कालवलं तर काय बिघडलं? गावोगावच्या पोस्टात एका रिसीव्हरभोवती दहा-दहा डोकी जमू लागली. केशवराव साहेब, आमचे वरिष्ठ, मंदिरात पहिल्या रांगेत बसत, त्यांना कळू नये एवढीच काळजी घेतली. रोज कीर्तन संपलं की तार सोडायचो.

काल्याचा दिवस आला. सकाळची वेळ. सगळं गाव मंदिरात. मी एकटा बोर्डावर, कानात महाराजांचा आवाज, पाच गावं खोकताहेत, मध्येच कोणी "वा बाप्पा!" म्हणतंय.

घड्याळात दहा चाळीस झाले होते. पाचही झाकण्या एकदम पडल्या.

टप् टप् टप् टप् टप्.

मी हसलो. कोणीतरी सवयीनं दांडी फिरवली असेल. सगळ्या तारा एकत्र, म्हणून एकाच्या दांडीनं सगळ्यांच्या झाकण्या पडणार. देवकाबाईंच्या भोकात माझी ऐकायची दोरी खोचलेली, म्हणून त्यांची तेवढी पडली नाही. पुन्हा वर केल्या. पुन्हा पाचही पडल्या. मग गजराच्या आतून, विहिरीच्या तळातून यावा तसा, एक आवाज आला.

"बाबूजी! गाडी पाठवा जी! माह्यी बायको... रक्त थांबून नाही राहिलं! बाबूजी!"

माझा हात झाकणीवर तसाच राहिला.

"कोणतं गाव?" मी ओरडलो. "बोला, कोणतं गाव?"

आणि पाचही गावांनी उत्तर दिलं.

"मोहगाव, बाबूजी!"

"पिपळा बोलून राहिलो!"

"कोन बोंबलून राहिलं बे? कीर्तन ऐकू द्या!"

"कोनाची बायको? काय झालं?"

पाच गावं म्हणजे पन्नास तोंडं. एवढ्या जणांनी एक तार ओढून धरली की आवाज पातळ होतो, ताक जसं पाणी घालून घालून पांढरं पाणीच व्हावं. त्या माणसाचा आवाज बुडाला. वर फक्त मृदंग.

भीती काय असते ते मला त्या क्षणी कळलं. आजवर झाकणी पाहून मी गाव सांगत होतो, आणि लोकांनी गाव सांगायची सवयच ठेवली नव्हती. ती सवय मीच लावली होती. आता बोर्ड आंधळा आणि मी बहिरा. कोणतीतरी बाई कुठेतरी रक्तात पडलेली, आणि ती कुठे आहे हे सांगणारी एकुलती एक गोष्ट मी माझ्या हातानं पिळून टाकलेली.

पक्कड घेऊन बोर्डामागे गेलो. तार सोडवायला लागलो. रोज सावकाश सुटणारी ती तार आज सुटेना. हाताला घाम, पक्कड घसरली, तांब्याचं टोक बोटात घुसलं. कानातल्या यंत्राची वायर मागे पोचत नव्हती, म्हणजे मागे असलो की ऐकू नाही आणि पुढे आलो की तार सुटत नाही. पुढे धावलो. कान लावला. "...मरून जाईन जी ते..." एवढंच ऐकू आलं. पुन्हा मागे. पुन्हा पुढे. घड्याळ दहा अठ्ठेचाळीस.

शेवटी लक्षात आलं, गजर थांबल्याशिवाय काही नाही. आणि तो थांबवणारं माणूस एकच. देवकाबाईंचा रिसीव्हर खिडकीत. मधून मधून त्या तो कानाला लावून बघत, चालू आहे ना म्हणून.

"काकू! ओ देवकाकाकू!" मी जीव तोडून ओरडलो.

पाच गावं हसली. "देवकाबाईले कोन बलावून राहिलं? जेवायले का?"

"काकू, ऐका! देवासाठी ऐका!"

किती वेळा हाक मारली माहीत नाही. मग खरखर झाली आणि त्यांचा आवाज आला, "काय जी देवीदास? बरोबर येऊन राहिलं ना ऐकू?"

"काकू, महाराजांना थांबवा. आत्ता. एक बाई मरते आहे, कोणत्या गावची ते कळत नाही."

"अगं बाई!" त्या हळूच म्हणाल्या, "अरे पण काल्याचं कीर्तन... मधातच मोडू का? पाप लागन रे."

"पाप माझ्या माथी. तुम्ही फक्त ओरडा."

देवकाबाईंचं वय सत्तर. पण खिडकीतून त्या अशा ओरडल्या की भोंग्यातून त्यांचाच आवाज मला ऐकू आला, "महाराज, थांबा! पाच गावं फोनवर ऐकून राहिली, त्यातली एक बाई मरून राहिली, गाव कोनतं ते कळून नाही राहिलं!" मृदंग थांबला. टाळ थांबले. एक-दोन टाळ तेवढे उशिरा थांबले. इतकी शांतता मी त्या तारेवर कधी ऐकली नव्हती.

मग महाराजांचा आवाज, गाण्याचा नव्हे, साधा. "गावोगावच्या मायबापांनो. ज्याच्या घरी संकट आहे त्यानंच बोलावं, आधी गावाचं नाव घ्यावं. बाकीच्यांनी तोंडावर हात ठेवा. श्वासही हळू घ्या. देव ऐकतोच आहे, त्या माणसालाही ऐकू द्या."

कोणी खोकलं नाही. पाच गावं, पन्नास माणसं, आणि एक आवाज.

"रामाकोना, जी. मी सुखदेव. यमुना माह्यी बायको. सकाळपासून अडून राहिली. दाई म्हणते मोठ्या दवाखान्यात न्या. बापूजीनं पंधरा बार दांडी फिरवली."

"गाडी येते सुखदेवभाऊ. तिला सोडू नका," मी म्हणालो. सरकारी दवाखान्याची तार वेगळी होती, तिला मी हात लावला नव्हता. दोरी खोचली. कंपाउंडर म्हणाला, "जीप आहे बाबूजी, पण ड्रायव्हर कीर्तनाले गेला."

अजून देवकाबाई तारेवरच होत्या. त्यांनी खिडकीतून पुन्हा हाक दिली आणि मंदिरातून ड्रायव्हर अनवाणी पळाला.

दहा छप्पन्न. सोळा मिनिटं गेली होती.

जीप निघाल्यावर केशवराव साहेब आत आले. कपाळाचा बुक्का घामानं गालावर उतरलेला. ते बोर्डाच्या मागे गेले, तांब्याचा पीळ पाहिला, आणि माझ्याकडे न बघता पक्कड उचलली. एक-एक गाव सोडत गेले. मोहगाव. पिपळा. लोधीखेडा. बोरगाव. शेवटी रामाकोना.

"साहेब, रिपोर्ट लिहा," मी म्हणालो.

"लिहिणार. पण आधी माझं नाव घालीन. पाचव्या दिवशी बोरगावला पाव्हण्याकडे गेलो होतो, तिथल्या पोस्टात मी ऐकलं. कुठून येतं ते मला कळलं होतं." पक्कड खाली ठेवून ते म्हणाले, "गोड लागलं रे. म्हणून गप्प बसलो."

संध्याकाळी मी दवाखान्यात गेलो. दारात सुखदेव उभा होता. मला त्यानं कधी पाहिलं नव्हतं, फक्त ऐकलं होतं. "तुम्ही ते टेलिफोनवाले बाबूजी?" म्हणून त्यानं माझे हात धरले. "वाचली जी यमुना. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर गेली असती. तुमच्यामुळं वाचली."

"आणि बाळ?"

त्यानं मान हलवली. "मुलगी होती. जीपमधीच झाली. रडली नाही."

मी तिथून निघून येऊ शकलो असतो. त्याचे हात माझ्या हातांत होते, तो मला देवमाणूस म्हणत होता. मोह किती मोठा होता सांगू? पण बोटाला तांब्याची जखम ठसठसत होती. मी त्याला सगळं सांगितलं. पिळलेली तार, पाच झाकण्या, सोळा मिनिटं. मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यानं हात सोडले. मग म्हणाला, "आम्ही बुद्धविहारात जातो, बाबूजी. पण तुमचं कीर्तन मी बी ऐकलं होतं पोस्टात, दुसऱ्या दिवशी. यमुनेले सांगितलं बी, गळा चांगला आहे म्हणून." एवढं बोलून तो आत गेला.

डॉक्टरांना मी विचारलं, सोळा मिनिटं आधी जीप निघाली असती तर ती मुलगी वाचली असती का. ते म्हणाले, असती, नसतीही. एवढंच. त्या दोन शब्दांच्या मधल्या जागेत मी आजवर राहतो आहे.

माझी बदली पांढुर्ण्याला झाली, केशवरावांची त्याहून लांब. पुढे आपोआप चालणारे बोर्ड आले, दोऱ्या गेल्या, झाकण्या गेल्या. माझं कीर्तन मात्र सुटलं नाही. सुटू नये. दोष त्याचा नव्हताच. पण मी कधी मंडपाच्या मध्ये बसत नाही. दाराशी बसतो, जिथे बाहेरून कोणी हाक मारली तर ऐकू येईल. तुम्ही मघाशी विचारत होता ना, देवीदासबुवा, तुम्ही एवढे उंबऱ्यावर का बसता? त्याचं उत्तर हे.

ते बघा, बुवा आले. उठा, टाळ घ्या. फक्त एक करा. गजर टिपेला जाईल, तुमच्या अंगावर काटा येईल, तेव्हा क्षणभर यमुनेच्या त्या लेकीला आठवा. तिचं नाव ठेवायचं राहून गेलं. नाव नसलं तरी चालतं. रामाकोन्याची मुलगी म्हणून आठवा.