परत येणारा आवाज

"काका, माईक बंद करा ने आता," सिद्धार्थ जगदेवरावांच्या कानाशी येऊन म्हणाला. "पब्लिक हसतेय. आणि मॅडमची गाडी निघाली."

मॅडम म्हणजे टीव्ही मालिकेतल्या सूनबाई. सयाजीगंजातल्या नव्या शॉपिंग सेंटरची फीत त्या कापणार होत्या. सेंटर सिद्धार्थचं. मॅडम येईपर्यंत वेळ भरून काढायला त्याने आपल्या वडिलांना, मानसिंगरावांना, बोलायला उभं केलं होतं. एके काळी दिल्लीत मंत्री असलेले मानसिंगराव आणीबाणीतल्या तुरुंगाची हकिकत दुसऱ्यांदा सांगत होते, आणि मागची पोरं शिट्ट्या मारत होती. मोतीबिंदूमुळे बिचाऱ्यांना पहिल्या रांगेपलीकडचं दिसत नव्हतं, हे एक बरंच होतं.

"साहेब बोलतायत, सिद्धार्थ."

"साहेब कसले? दोनदा डिपॉझिट गेलंय त्यांचं. तुम्ही बंद करता, की मी वायर खेचू?"

लहरीपुऱ्यात जगदेवरावांचं माईक-भोंग्यांचं दुकान होतं. मानसिंगरावांच्या अगदी पहिल्या सभेला माईक त्यांनीच लावला होता. तेव्हा मानसिंगराव मेल गाडी सुटल्यासारखे बोलायचे. भोंग्यांचा आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत यायचा आणि पुढच्या वाक्यात घुसायचा. कोणाला ओ की ठो कळायचं नाही. शेवटी जगदेवरावांनी त्यांना बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, आवाज परत आला की मगच पुढचं बोला."

तेव्हापासून मानसिंगराव प्रत्येक वाक्यानंतर थांबू लागले. संसदेत त्या थांबण्याचं केवढं कौतुक झालं! वर्तमानपत्रांनी त्याला विचारी नेत्याचं मौन वगैरे म्हटलं. ते वाचून जगदेवराव आठवडाभर ऐटीत फिरले होते. पुढे मंत्रिपद गेलं, पक्ष फुटला, घरचा फोन वाजेनासा झाला. थांबण्याची सवय तेवढी राहिली.

आणि आता त्याच माणसाचा आवाज कापायचा. नाही कापला तर सिद्धार्थ वायर खेचणार, आणि साहेब भरसभेत नुसते ओठ हलवत राहणार.

जगदेवरावांनी बाहेरच्या भोंग्यांची बटणं एकेक करून खाली केली. व्यासपीठावर साहेबांच्या पायाशी एक छोटा स्पीकर होता, बोलणाऱ्याला स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून ठेवलेला. तो मात्र चालू ठेवला. लोक आपापल्या गप्पांना लागले. सिद्धार्थ खूश होऊन गेटकडे धावला.

मानसिंगरावांचं एक वाक्य संपलं. ते थांबले. नेहमीपेक्षा जरा जास्तच थांबले. मान किंचित वर करून त्यांनी समोरच्या इमारतीकडे कान दिला. भोंगे बंद असताना आवाज परत येणारच नाही, हे जगदेवरावांच्या आता लक्षात आलं. हे कसं विसरलो आपण?

मग मानसिंगरावांनी पुढचं वाक्य घेतलं, त्याला लागून त्याच्या पुढचं, आणि कुठेही न थांबता भाषण संपवलं, पहिल्या सभेतल्यासारखं. टाळ्या वाजवल्या त्या एकट्या जगदेवरावांनी.

हात धरून पायऱ्या उतरवताना त्यांना राहवेना. "साहेब, माफ करा. मी..."

"भोंगे तू बंद केलेस, की सिद्धार्थने?"

"मीच."

"वाटलंच. त्याने केले असते तर पायाशी ठेवलेला स्पीकरही चालू राहिला नसता."

"कळलं होतं, तर मग बोलत का राहिलात?"

"मध्येच थांबलो असतो, तर जगदेवचा माईक बिघडला म्हणाले असते लोक."

गेटवर फटाके फुटले. "काका, फुल व्हॉल्यूम!" सिद्धार्थ ओरडला. जगदेवरावांनी साहेबांना आपल्या शेजारच्या खुर्चीवर बसवलं आणि सगळी बटणं वर केली. मॅडम आल्या आल्या बोलायला लागल्या. त्यांचा आवाज समोरच्या इमारतीवरून परत येऊन त्यांच्याच पुढच्या वाक्यात घुसत होता.

"हिला कोणी सांगितलं नाही वाटतं, जगदेव," साहेब म्हणाले.

"नाही, साहेब."

डोळे पुसायचे होते, पण बटणांवरचा हात काढता येत नव्हता. जगदेवराव तसेच उभे राहिले.